उताराचा हिशेब

देश आणि कोकण यांच्यामध्ये उभा असलेला सह्याद्रीचा पश्चिम कडा दोन हजार, कुठे तीन हजार फूट उंचीवरून एकाएकी खाली तुटलेला असल्यामुळे, आपल्या मुलुखातील वाहतुकीचा जो काही इतिहास आहे तो पुष्कळ अंशी या एका कड्यावरून माल वर कसा न्यावा आणि खाली कसा आणावा याचाच इतिहास होऊन बसला आहे. डोंगराळ जमिनीसाठी वाहन निवडण्याचा प्रश्न निघाला की आजही बोलणे चढापासून सुरू होते: यंत्रात जोर किती, ओझे घेऊन वर जाईल काय, मध्येच दम तर टाकणार नाही. परंतु या घाटांनी गेल्या दोन हजार वर्षांत जी वाहने पत्करली आणि जी नाकारली त्यांचा क्रमाने विचार केला असता माझी अशी खात्री झाली आहे की, येथे निवड चढाने केलेली नसून उताराने केलेली आहे. चढावर दमलेले जनावर थांबते आणि थांबल्याने फारसे काही बिघडत नाही. उतारावर मात्र ओझ्याचे वजन स्वतःच चालक होते, आणि त्याला आवरण्याची शक्ती ज्या वाहनात नसेल ते वाहन, मालक आणि माल या तिघांचाही घात होतो.

या दृष्टीने पाहू गेल्यास जुन्नरजवळच्या नाणेघाटाची रचना फार बोधक वाटते. सातवाहनांच्या अमदानीत कोकणातील बंदरांकडून देशावरच्या पेठांकडे जाणारा हा राजमार्ग होता. त्या काळचा नागनिकेचा प्रसिद्ध लेख घाटमाथ्यावरच्या लेण्यात कोरलेला आहे, आणि माथ्यावरचा भलाथोरला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता अशी परंपरागत समजूत आहे. अशा संपन्न मार्गाची वाट मात्र नाळेतून दगडी टप्प्यांनी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. ज्या राज्याने कठीण पाषाणात दालने कोरली त्याला चाकाची वाट काढण्याची बुद्धी झाली नसेल असे म्हणवत नाही. तिथल्या उताराला चाक चालणार नव्हते, पाय चालणार होता, आणि पायाला लागते ती पायरी. प्रत्येक पायरीवर ओझ्याची गती क्षणभर शून्य होते, म्हणून पायरीची वाट हा उतारावरील वेग मोडून काढण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा उपाय होय.

या वाटांवर शतकानुशतके ज्याने खरोखर राज्य केले तो पाठाळ बैल. लमाणांचे तांडे शेकडो, कधी हजारो बैल घेऊन चालत. तांड्याचा नायक भाव ठरवी, मुक्काम ठरवी, आणि वाटेवरच्या अंमलदाराशी दस्तकाची व जकातीची बोलणी करी. देशावरचे धान्य, गूळ, मिरची, तंबाखू खाली जाई. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. एका बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना सारख्या वजनाच्या गोणी मिळून शंभर किलोंच्या आसपास ओझे असे. आजच्या मालमोटारीशी तुलना केली तर हे अगदीच किरकोळ वाटते, परंतु त्या योजनेतील शहाणपण निराळेच आहे. एक मोठे ओझे अनेक लहान ओझ्यांत विभागले की कोणत्याही एका ओझ्याचा उतारावरचा रेटा त्या एका जनावराच्या चार पायांना पेलण्याइतकाच राहतो. एखादा बैल घसरला तर त्याच्या दोन गोणी जातात, तांडा जात नाही. शिवाय बैल घोड्यापेक्षा स्वस्त, वाटेवरच्या गवतावर भागवून घेणारा, स्वभावाने सावकाश, आणि दगडावर पाय रोवून, अजमावून मगच पुढचे पाऊल टाकणारा. घोड्याचे सामर्थ्य सपाटीवर दिसते; नाळेतून उतरताना त्याचा वेग आणि त्याची भीती या दोन्ही गोष्टी धन्याला महाग पडतात. गोणी बांधणे हीसुद्धा एक कलाच होती, कारण चढावर ओझे मागे सरकते आणि उतारावर ते पुढे, मानेवर येते; त्यामुळे घाटमाथ्यावर पोहोचताच दोर पुन्हा तपासून आवळावे लागत.

बैल जेथे जात नसे तेथे माणूस जाई, आणि हे पान मात्र मला दुःखाशिवाय उलगडता येत नाही. पालखी, मेणा, डोली, कावड ही सगळी माणसाच्या खांद्यावरची वाहने. भोयांचा व्यवसाय वंशपरंपरेचा होता, त्याचे कौशल्यही मोठे होते. उतारावर पुढच्या भोयांनी दांडी उंच धरायची आणि मागच्यांनी खांदा खाली घ्यायचा, म्हणजे आत बसलेल्याला उतार जाणवू नये, ही त्यांची रीत. आत बसलेल्याला जो उतार जाणवत नसे तो बाहेरच्यांच्या गुडघ्यांनी सोसलेला असे. त्यात वेठबिगारीची भर पडली म्हणजे घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांची काय दशा होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. सरकारी माणूस आला, की शेतातला नांगर सोडून ओझे उचलायचे, पुढच्या गावापर्यंत पोहोचवायचे, आणि मजुरीचे नावही काढायचे नाही. हा शिरस्ता स्वकीयांच्या अमदानीत होता आणि परकीयांच्या अमदानीतही पुष्कळ काळ टिकला.

मराठी राज्याने घाटांत गाडीरस्ते का केले नाहीत, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे अर्धे उत्तर आज्ञापत्रात आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांविषयी जी नीती सांगितली तीत गडाची वाट सुगम नसावी, असल्यास ती मोडून झाडी वाढू द्यावी, असा स्पष्ट आशय आहे. ज्या राज्याचे रक्षणच दुर्गमतेवर उभे होते त्याने आपल्या शत्रूच्या तोफांसाठी रस्ता करावा अशी अपेक्षा करणे गैर आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की, तांड्यांची व्यवस्था त्या काळच्या व्यापाराला पुरी पडत होती. घाटाघाटांवर जकातीची नाकी होती आणि त्यांचा हिशेब घाटपांड्यांच्या दप्तरी राही. सरकारला उत्पन्न मिळे, व्यापाऱ्याला माल मिळे, आणि सह्याद्री जसाच्या तसा राही. एवढे मात्र खरे की पुण्यासारखी राजधानी समुद्रापासून काही मजलांवर असूनही तेथून बंदरापर्यंत भरलेली गाडी जाऊ शकत नव्हती.

ही स्थिती बदलली ती प्रथम लष्कराच्या गरजेने. १८०३-०४ च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्लीला आपल्या फौजेच्या रसदीसाठी लमाणांच्याच तांड्यांवर विसंबावे लागले होते, आणि मुंबईहून पुण्याकडे तोफा आणि सामान आणण्यासाठी बोरघाटाची वाट त्याच सुमारास सुधारण्यात आली. तरीही १८२५ साली बिशप हेबर या घाटाने गेला तेव्हा त्याला रस्ता रुंद आणि बरा दिसला, पण इतका उभा की भरलेली गाडी किंवा माणूस बसलेली पालखी वर नेणे कष्टाचे; लोक पायी वा घोड्यावर जात, आणि व्यापाराचा माल बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवरूनच चाले. एखाद्या साहेबाची बग्गी पुण्यास न्यायचीच झाली तर ती बांबूंना टांगून माणसांच्या खांद्यावरून वर चढवावी लागे. चाकांचे वाहन स्वतःच ओझे होऊन माणसाच्या पाठीवर बसे. अखेर गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत चाकाच्या वाहतुकीला योग्य असा नवा रस्ता तयार होऊन नोव्हेंबर १८३० मध्ये तो खुला झाला. तोवर डोंगर पाहून वाहन निवडले जात होते. आता वाहन आधी ठरले आणि त्याच्या सोयीने डोंगरावर वळणे कोरली गेली. बोरघाटाचे महत्त्व मला त्याच्या लांबी-रुंदीपेक्षा या उलटापालटीत वाटते.

गाडीही त्याच सुमारास नवी होत होती, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. दख्खनची जुनी गाडी म्हणजे भरीव लाकडाच्या किंवा दगडाच्या चाकांची, अनेक बैलांनी ओढावी लागणारी, शेतातून गावापर्यंत जाणारी अवजड वस्तू. १८३६ नंतर इंदापूर भागात जमीनमोजणीचे काम चालू असता टेंभुर्णीस लेफ्टनंट गैसफोर्ड याच्या देखरेखीखाली आऱ्यांच्या चाकांच्या, हलक्या, दोन बैलांच्या सुधारलेल्या गाड्या तयार होऊ लागल्या. ही गाडी आणि तो रस्ता यांची सांगड बसताच पाठाळ बैलांचे दिवस भरले. परंतु घाट उतरताना गाडीवानाची खरी परीक्षा असे. दोन बैल गाडी ओढण्यासाठी जुंपलेले असतात, थोपवण्यासाठी नव्हे. उतारावर सगळा भार जुवातून त्यांच्या मानेवर येई. त्यामुळे कोणी चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दोराने आवळून धरी, कोणी आऱ्यांत बल्ली अडकवून एक चाक फिरू न देता घसटत नेई, कोणी मागे ओंडका बांधून तो रस्त्यावर फरफटत ठेवी. चढावर जास्तीची बैलजोडी भाड्याने मिळे. उताराची मदत भाड्याने मिळत नसे, ती गाडीवानाने आपल्याबरोबरच आणावी लागे. पुढे कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, वरंधा अशा घाटांतूनही गाडीरस्ते झाले आणि प्रत्येक ठिकाणी अभियंत्यांनी लांबच लांब वळसे घेऊन चढ सौम्य केला. त्या वळशांचे श्रेय बैलांच्या दमाला दिले जाते. मला ते बैलांच्या मानेला द्यावेसे वाटते.

आगगाडीने हाच धडा लोखंडात गिरवला. जी. आय. पी. रेल्वेचा बोरघाटाचा चढ १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट उंची, तीव्रतम चढ ३७ फुटांस एक फूट, २५ बोगदे. १८६१ च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती, आणि पटकीच्या साथींनी व अपघातांनी त्यांतली किती तरी तेथेच राहिली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका हाती ठेवून काम पुढे नेले. एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. खंडाळ्याखाली गाडी उलट दिशेने फिरवण्याचे जे प्रसिद्ध स्थानक होते त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत, म्हणून ती मी करीत नाही. माझे लक्ष त्यापेक्षा उतारावर जागोजाग ठेवलेल्या कॅच सायडिंगकडे जाते. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी मुख्य मार्गाला नव्हे तर डोंगराच्या अंगाला चढत जाणाऱ्या आडमार्गाला जोडलेला असतो. गाडीने तेथे येऊन थांबून दाखवावे, म्हणजे आपण ताब्यात आहोत हे सिद्ध करावे, आणि मगच सांधेवाल्याने तिला पुढची वाट मोकळी करावी. बेफाम सुटलेली गाडी आपोआप चढाकडे वळते आणि तिचा वेग डोंगरच शोषून घेतो. चढणाऱ्या गाडीकडून असला कोणताही दाखला मागितला जात नाही.

१९२९ मध्ये पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण आटोपत आले आणि नव्या बोगद्यांनी ते उलटे फिरण्याचे स्थानक रद्द झाले, तेव्हा आलेल्या मालवाहू विद्युत इंजिनांत एक अपूर्व गुण होता: उतारावर त्यांच्या मोटारी जनित्राचे काम करीत आणि रोखून धरलेल्या भाराची शक्ती वीज होऊन तारेत परत जाई. बैलाच्या मानेला जे शतकानुशतके नुसते सोसावे लागले त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

माथेरानचा प्रकार निराळा आणि मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढला. पुढे वस्ती झाली, आणि नेरळहून वर जाण्यास घोडे, डोल्या आणि रिक्षा एवढीच साधने राहिली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात सुमारे सोळा लक्ष रुपये खर्चून दोन फूट रुंदीची जी छोटी रेल्वे बांधली तिचा चढ २० फुटांस एक फूट, म्हणजे बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. तिच्या वळणांसाठी जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल कारखान्याची अशी इंजिने आणली, की ज्यांची पुढची व मागची चाके वळणाबरोबर किंचित बाजूला सरकू शकत. आणि उतारासाठी प्रत्येक डब्यावर एकेक ब्रेकवाला बसवला, त्याने शिटीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळायचा. ओझे विभागावे आणि प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा रोध द्यावा, ही तांड्याच्या नायकाचीच रीत येथे पुन्हा अवतरलेली दिसते. माथ्यावर मोटारीला मज्जाव असल्याने माणसांनी ओढायच्या रिक्षा मात्र विसाव्या शतकाबरोबर संपल्या नाहीत. चढावर मागून ढकलायचे, उतारावर मागे लोंबकळून अडवायचे, असे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत ही प्रथा बंद करून त्या रिक्षाचालकांच्या हाती विजेच्या रिक्षा देण्याची तजवीज करण्यास सांगितले. भोयांच्या खांद्यावरून सुरू झालेला अन्याय निस्तरण्यास इतका काळ लागावा, ही गोष्ट मनाला फार लागते.

डोंगरी शेतीच्या आणि मळ्यांच्या दृष्टीने खरी क्रांती केली ती जीपने, आणि तीही युद्धाच्या वाटेनेच आली. जुलै १९४० मध्ये अमेरिकेच्या सैन्याने पाव टन ओझ्याच्या, चारही चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली. बँटम या छोट्या कारखान्याने ४९ दिवसांत नमुना उभा केला, आणि सरस इंजिनाच्या जोरावर मोठा ठेका विलिसला मिळाला. युद्ध संपत असतानाच, १९४५ मध्ये, विलिसने शेतकऱ्यांसाठी वेगळी जीप बाजारात आणली. तिच्यात काय बदलले हे पाहण्यासारखे आहे. इंजिन मूळचेच, साठ अश्वशक्तीच्या आसपासचे. बदलले ते दातेचक्रांचे प्रमाण. लष्करी जीपमध्ये सर्वांत खालच्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे पंचवीस-सव्वीस फेरे होत. शेतकऱ्याच्या जीपमध्ये ते छत्तिसाच्या घरात गेले. यामुळे ओढण्याचा जोर वाढला हे खरेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गाडी उतारावर इंजिनाच्या लगामाने, ब्रेकला पाय न लावता, माणसाच्या चालीने उतरू लागली.

याचे मोल गणिताने चटकन कळते. एक टनाची गाडी दोन हजार फूट खाली उतरते तेव्हा जी शक्ती कोठे तरी जिरवावी लागते ती सतरा-अठरा लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापवण्यास पुरी पडावी. ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतली तर ते पकड सोडणारच. इंजिनाच्या फिरण्यात ती खर्ची पडली तर ब्रेक आणीबाणीसाठी थंड राहतात. बैलाच्या जुवाशी आणि धावेवर आवळलेल्या ठोकळ्याशी झगडणाऱ्या गाडीवानाला हवी असलेली वस्तू अखेर दातेचक्रांच्या पेटीत सापडली.

मुंबईशी या गाडीचा संबंध लवकरच जडला. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तेथील अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, कंपनीचे नाव बदलले, आणि १९४० चे दशक सरण्याच्या आत विलिसची जीप सुट्या भागांतून मुंबईत, माझगाव येथे जोडली जाऊ लागली. युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या जीपही ठिकठिकाणी पोहोचल्याच होत्या. त्या काळी आपल्या घाटमाथ्यावरच्या आणि कोकणच्या उतारावरच्या बागाईतदारांना दुसरी निवडही फारशी नव्हती. परंतु निवड नसताना मिळालेली वस्तू इतकी योग्य असावी असे क्वचितच घडते.

इंग्लंडात याच जीपमुळे दुसरे एक वाहन जन्मास आले. रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स वेल्सच्या अँगल्सी बेटावरील आपल्या शेतात युद्धातील जुनी जीप वापरीत असे. ती झिजल्यावर तिच्या जागी काय घ्यावे याला उत्तर नाही असे दिसताच त्याने लँड रोव्हरची कल्पना मांडली, आणि एप्रिल १९४८ मध्ये ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. पोलादाची टंचाई असल्याने तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, त्यामुळे ते गंजले नाही. दार्जिलिंगकडे मानेभंज्यांगहून संदकफूच्या ३,६३६ मीटर उंचीवर जाणाऱ्या दगडधोंड्यांच्या वाटेवर त्या पिढीतल्या गाड्या सत्तर वर्षे होऊन गेल्यावरही भाड्याने चालत राहिल्या. आल्प्स पर्वतातल्यांनी आणखी वेगळी वाट धरली. ऑस्ट्रियाच्या ग्राझ येथे १९५९ पासून बनू लागलेल्या चिमुकल्या वाहनाला त्यांनी डोंगरी ओझे वाहणाऱ्या घोड्याच्या जातीचे, हाफलिंगर हे नाव दिले. दोन सिलिंडरचे लहानसे इंजिन, अंग हलके, आणि चाकांच्या केंद्रापेक्षा उंच ठेवलेले आस, म्हणजे पोट दगडाला लागू नये.

आज डोंगरउतारावर जमीन घेऊन आंबा, काजू वा स्ट्रॉबेरी लावणाऱ्यासमोर निवडीचा गोंधळ मोठा आहे. ट्रॅक्टर सपाट वावरात राजा आहे, पण त्याचा गुरुत्वमध्य उंच असल्याने आडव्या उतारावर तो कलंडतो, आणि त्याखाली माणसे चिरडून मेल्याच्या बातम्या वरचेवर येतात. अरुंद भातखाचरांत पॉवर टिलर बरा, पण त्याने माल बाजारात जात नाही. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांपैकी कित्येकांत खालच्या गिअरची दुसरी पायरीच ठेवलेली नसते, आणि विकणाराही तिचा उल्लेख करीत नाही, कारण विचारणारा फक्त चढाचे विचारतो. म्हणून माझे सांगणे इतकेच, की जो कोणी अशी गाडी घेईल त्याने ती भर पावसाळ्यात, नेहमीचे पूर्ण ओझे भरून, आपल्याच जमिनीतल्या सर्वांत उभ्या वाटेने, सर्वांत खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवरचा पाय काढून एकदा खाली उतरवून पाहावी, आणि किमतीची बोलणी त्यानंतर करावीत.